शोकसभेतले रंगखडू

रुग्णालयानं नाही म्हटलं आणि भाऊसाहेबांना उपयोगी पडायची हुक्की आली. सज्जनहो, जगातली निम्मी संकटं आळशी माणसं आणतात आणि उरलेली निम्मी उपयोगी पडणारी. आळशाचं संकट निदान रमतगमत येतं. उपयोगी माणसाचं धावत येतं, आणि दारातूनच ओरडतं, "काळजी करू नका, मी आहे!"

वहिनी म्हणजे भाऊसाहेबांची बायको, पण साऱ्या इमारतीच्या त्या वहिनी, तेव्हा आपल्याही वहिनीच. ज्या वयात चारचौघं गुडघ्यांची चौकशी करू लागतात त्या वयात त्यांनी महाविद्यालयात नाव घातलं होतं. विषय होता कलोपचार. आता हे काय असतं, तर माणसाच्या मनात जे अडकून बसलेलं असतं, जे जिभेवर येत नाही, ते त्याला रंगांनी नाहीतर मातीनं काढू द्यायचं, आणि आपण शेजारी बसून ऐकायचं. बस्स. चांगलं म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही, आणि 'याचा अर्थ असा' हे तर मेलं तरी म्हणायचं नाही. फार तर विचारायचं, "याबद्दल सांगाल?"

भाऊसाहेबांना ही रीतच मान्य नव्हती. त्यांची हयात वजनमापे खात्यात गेलेली. दुकानात शिरायचं, तराजूच्या दांडीला डोळा लावायचा, आणि बरोबर की चूक ते तिथल्या तिथे सांगायचं. "वजन न करता पुडी बांधायची, त्याला तुम्ही शिक्षण म्हणता?" असं ते पहिल्या वर्षी म्हणाले. त्या वर्षी वहिनींना कलासमीक्षेचा पेपर होता. त्यासाठी त्या एका प्रदर्शनाला गेल्या, सोबत भाऊसाहेबही गेले. एका मोठ्या निळ्या चित्रासमोर वहिनी बराच वेळ उभ्या राहिल्या. भाऊसाहेबांनी त्याच वेळात सगळं दालन उरकलं आणि परत येऊन कळवलं की एकूण चित्रांपैकी बरीच भिंतीवर तिरकी टांगलेली आहेत आणि एकाला तर खिळाच कमी आहे. वहिनींनी ते लिहून घेतलं नाही याचं भाऊसाहेबांना पुढे आठवडाभर वाईट वाटत होतं.

असो. आख्यान लांबवायचं नाही. शेवटच्या सत्रात वहिनींना एक गट चालवून दाखवायचा होता. सहा माणसं, एकही कमी नको, आणि कोपऱ्यात बसून बघणार महाविद्यालयातल्या मार्गदर्शक बाई. रुग्णालयानं आधी हो म्हटलं होतं. मग तिथे नवे अधीक्षक आले. ते म्हणाले, रंगांनी चादरी खराब होतात. दुसऱ्या रुग्णालयात विचारायचं तर अर्ज वर जाऊन खाली यायला सत्र संपलं असतं. आणि पुढच्या वर्षीपासून हा अभ्यासक्रमच बंद होणार अशी बोलवा होती. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

त्या संध्याकाळी वहिनी स्वयंपाकघरात भांडी अगदी हळू ठेवत होत्या. भांडी आपटणारी बायको भाऊसाहेबांना कळायची. हळू ठेवणारी पाहून ते उठून आत गेले.

"अगं, सहाच माणसं ना? अख्खी इमारत पडलीय."

"अहो, नुसती माणसं नकोत. मनात काहीतरी असलेली माणसं हवीत."

"या इमारतीत? इथे प्रत्येकाच्या मनात दुसऱ्याबद्दल काहीतरी आहेच!"

वहिनी हसल्या नाहीत, पण हातातलं पातेलं जरा आवाज करून ठेवलं. भाऊसाहेबांनी तो होकार मानला आणि चपला घातल्या.

आता दारोदार जाऊन "तुम्हाला काही दुःख आहे का?" असं विचारणं दिसतं तितकं सोपं नाही. पहिल्या मजल्यावरचे विमावाले दारातच ताठ झाले. "दुःख? मला? भाऊसाहेब, मी विमा विकतो. दुसऱ्याला दुःखाची आठवण करून देणं हा माझा धंदा. घरी कशाला ठेवीन?" दातांचे डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडे लोक कण्हत येतात. मी कण्हायला लागलो तर दवाखाना कोण चालवणार?" तळमजल्यावरच्या आजींनी आधी दार लोटून घेतलं, मग फटीतून दबक्या आवाजात विचारलं, "सुनेनं पाठवलं का रे तुला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी आले. बसले नाहीत. सेक्रेटरी बसले नाहीत की समजावं, प्रकरण नियमावर गेलंय.

"भाऊसाहेब, तक्रार आहे. तुम्ही सभासदांना दुःखी म्हणत हिंडताय."

"म्हणत नाही हो, विचारतोय."

"विचारणं हेच म्हणणं. उद्या मी तुम्हाला विचारलं, तुम्ही पाण्याची मोटर चोरलीत का, तर कसं वाटेल?"

भाऊसाहेबांचा मानी स्वभाव. इतकी वर्षं लोकांनी त्यांना पाहून तराजू पुसले होते, आणि आज त्यांच्यावरच तक्रार! ते तडकून म्हणाले, "नका येऊ कुणी! नाहीतरी महाविद्यालयातल्या बाई सगळ्यांना घेणारच नाहीयेत. फक्त निवडक लोक घेणार."

सज्जनहो, 'निवडक' हा फार मोठा मंत्र आहे. दुपारपर्यंत तो जिन्यानं वर गेला आणि संध्याकाळी इमारतीत असं एकही घर उरलं नाही जिथे दुःख नव्हतं. विमावाले स्वतः आले. "माझं दुःख जुनं आहे, भाऊसाहेब. डॉक्टरांचं परवाचं असेल. ज्येष्ठता बघा." डॉक्टर आले. ते म्हणाले, "इतक्या वर्षांत माझ्या दवाखान्यात मला बघून कुणी हसलेलं नाही," आणि मग आपणच बोललेलं ऐकून गप्प झाले. तिसऱ्या मजल्यावरची नवी सून आली. तिला काय दुःख आहे ते तिनं सांगितलं नाही, कारण तिची सासू सोबत आली होती. आजींनी निरोप धाडला की माझं नाव पहिलं घाला, मी सगळ्यात मोठी आहे. सेक्रेटरी म्हणाले, पदसिद्ध म्हणून एक जागा माझी. पाच झाले.

सहावे मास्तर. मास्तर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक, वरच्या मजल्यावर एकटे राहायचे. इमारतीतली अर्धी पोरं त्यांच्या हाताखाली हत्ती काढून मोठी झालेली. वहिनींनी चित्रकलेशी नातं सांगणारी पदवी घ्यायला काढली आणि आपल्याला एका शब्दानं विचारलं नाही, ही गोष्ट त्यांना खुपत होती. ते म्हणाले, "येतो. पण मला काही दुःख नाही. मी फक्त रेषा बघायला येतो." भाऊसाहेबांना वाटलं, चला, एक तरी जाणकार आहे. देव ज्याची गंमत करायची ठरवतो त्याला आधी असंच हायसं वाटू देतो.

मग आला हॉल. इमारतीचा हॉल तीन कारणांसाठी मिळायचा, सभा, वाढदिवस आणि शोकसभा. सेक्रेटरींनी नियमांचं पुस्तक उघडलं. "उपचार यात नाही. उपचार म्हटलं की आरोग्य खात्याचा दाखला आला. शिकवणी म्हणाल तर ती व्यापारी बाब, तिला सर्वसाधारण सभेची मंजुरी. वाढदिवस म्हणाल, तर कुणाचा? खोटा वाढदिवस मी मंजूर करणार नाही."

"मग खोटी शोकसभा करणार?"

"खोटी कशी? मला सांगा, शोकसभेत लोक गोल बसतात?"

"बसतात."

"आधी गप्प बसतात, मग हळूहळू मनातलं बोलतात?"

"बोलतात."

"मग तुमचं काय वेगळं आहे?"

भाऊसाहेबांनी अर्जावर सही केली. खरं सांगायचं तर वेगळं काय ते आपल्यालाही सुचत नाही.

तर फलकावर सूचना लागली. 'रविवारी सकाळी हॉलमध्ये शोकसभा. सर्वांनी उपस्थित राहावे.' कुणाची ते लिहिलं नव्हतं, कारण सेक्रेटरींना खोटं लिहायची सवय नव्हती. त्या सूचनेनं जो गोंधळ घातला तो विचारू नका. लोक जिन्यात भेटल्यावर एकमेकांचे खांदे दाबून बघू लागले. विमावाल्यांनी आपल्या सगळ्या ग्राहकांना फोन करून तब्येत विचारली. दुसऱ्या मजल्यावरचे एक आजारी गृहस्थ गॅलरीत येऊन उभे राहिले, तेव्हा समोरच्या गॅलरीतल्या बाई "अगंबाई, हे नाहीत!" असं म्हणाल्या, आणि त्यात किंचित निराशा होती असं त्या गृहस्थांचं आजही म्हणणं आहे. आजींनी तर भाऊसाहेबांनाच गाठलं. "मी आहे ना रे अजून? नाही म्हणजे, मला कुणी काही सांगत नाही."

वहिनींनी सूचना वाचली आणि कपाळावर हात मारला. "अहो, हे काय करून ठेवलंत?"

"हॉल मिळाला की नाही?"

"मिळाला."

"मग!" भाऊसाहेब म्हणाले. पण त्या रात्रीपासून त्यांना नीट जेवण जाईना.

इकडे मास्तरांच्या घरी वेगळंच शिजत होतं. चित्र काढायचंय म्हटल्यावर पाचही जणांना शाळेतल्यासारखा घाम फुटला होता, आणि घाम फुटला की माणूस शिकवणी शोधतो. मास्तरांना तर शिकवायला मिळालं की तहानभूक राहत नसे. त्यांनी वर्ग लावला. "दुःख काढायचं म्हणजे वेलबुट्टी नव्हे. दुःखाचं झाड असतं. काळं. उजवीकडे झुकलेलं. लांब उडून जाणारा एक पक्षी. मागे मावळतीचा सूर्य, अर्धाच. आणि लक्षात ठेवा, झाडाला पान दिसलं की मार्क गेले!" कुणी मार्क देणार आहे असं कुणीच म्हटलेलं नव्हतं. पण ज्यांनी आयुष्यभर परीक्षा दिल्या त्यांना मार्कांवाचून बघणारा डोळा कल्पनेतही येत नाही.

आजींनी एक पान काढलं.

"आजी, खोडा ते."

"एक असू दे हो, मास्तर. ओकंबोकं दिसतंय."

"खोडा!"

आजींनी खोडलं. मग मास्तरांनी सगळ्यांकडून अर्थही पाठ करून घेतला, झाड म्हणजे मी, पानं म्हणजे माणसं, पक्षी म्हणजे काळ. हे सगळं आठवडाभर वरच्या मजल्यावर चाललं होतं आणि खाली वहिनींना त्याचा पत्ता नव्हता. त्या आपल्या खुर्च्या कशा मांडाव्यात याचाच विचार करत होत्या.

रविवार उगवला. मार्गदर्शक बाई आल्या. वयानं वहिनींच्या मुलीएवढ्या, खांद्याला कापडी पिशवी, फारसं न बोलणाऱ्या. दारावरची सूचना त्यांनी दोनदा वाचली आणि काही न विचारता कोपऱ्यात जाऊन बसल्या. न विचारणं हे त्यांचं शिक्षणच. पण पाहुण्यांची रांग लागू लागली होती. शेजारच्या इमारतीतले, पलीकडच्या गल्लीतले, गंभीर चेहऱ्यानं येत होते, आणि सेक्रेटरींना दारात उभं राहून प्रत्येकाला "कुणी गेलेलं नाही, आपण जा," असं सांगावं लागत होतं. ते जागचे हलू शकेनात. आत पाचच माणसं बसली.

"सहा हवेत," मार्गदर्शक बाई म्हणाल्या.

वहिनी काही बोलायच्या आत भाऊसाहेब खुर्चीत बसलेसुद्धा. "हा मी सहावा!"

"मॅडम, हे..." वहिनी सुरुवात करत होत्या.

"वेळ जातोय," बाई म्हणाल्या. "सुरू करा."

वहिनींनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं निरूपण करायची आपली प्राज्ञा नाही. मग त्यांनी श्वास घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या घरातली एक जागा काढा. जिथे तुम्ही बसता, किंवा बसावंसं वाटतं आणि बसत नाही. कसंही काढा. इथे चूक असं काही नाही."

कागद वाटले, मध्ये रंगखडूंचा डबा ठेवला आणि एकदम झुंबड उडाली. डब्यात काळा खडू एकच.

"काळा इकडे द्या की!"

"माझ्या झाडाचं खोड व्हायचंय अजून!"

"आजी, तुम्ही तपकिरी घ्या ना."

"तपकिरीला मार्क नाहीत म्हणे!"

शेवटी दातांच्या डॉक्टरांनी तो विमावाल्यांच्या मुठीतून सफाईनं उपटून काढला आणि तुकडे करून सगळ्यांना वाटला.

थोड्या वेळानं मध्ये पाच झाडं उभी राहिली. पाचही उजवीकडे झुकलेली. पाच पक्षी एकाच दिशेला निघालेले. मार्गदर्शक बाई कोपऱ्यातून उठून जवळ आल्या, पाचही कागद बघितले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या भुवया वर गेल्या. "सगळ्यांच्या घरात झाड आहे?"

डॉक्टरांनी विमावाल्यांना कोपरानं ढोसलं. मग विमावाले म्हणाले, "कुंडीत आहे, मॅडम."

बाई परत कोपऱ्यात गेल्या. वहिनींनी आवाज हलू दिला नाही. "आजी, तुमच्या चित्राबद्दल सांगाल?"

आजी उभ्याच राहिल्या. "हे झाड म्हणजे मी. पानं म्हणजे माणसं. पक्षी म्हणजे..." त्या थांबल्या आणि मास्तरांकडे बघू लागल्या.

"काळ," मास्तर ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाले.

"काळा," आजी म्हणाल्या आणि बसल्या.

डॉक्टरांचंही झाड तेच होतं आणि पानं माणसंच. नव्या सुनेनं पाठ केलेलं एका दमात म्हटलं. प्रत्येक पक्षी काळ निघत गेला तसतसं भाऊसाहेबांच्या ध्यानात येऊ लागलं की आपण दारोदार हिंडून, तक्रार सोसून, शोकसभा लावून जे काही उभं केलं ते बायकोच्या परीक्षेच्या उरावर कोसळतंय. मार्गदर्शक बाईंनी पिशवी मांडीवर घेतली होती. पिशवी मांडीवर घेणं म्हणजे माणूस निघायच्या बेतात. आता काय करावं? ओरडून सांगावं, की हे सगळं खोटं आहे? तोवर वहिनी त्यांच्याकडे वळल्या.

"तुमच्या चित्राबद्दल सांगाल?"

भाऊसाहेब शिकवणीला गेले नव्हते. मापं घेणाऱ्या माणसाला कोण शिकवणार, असा त्यांचा ताठा. त्यामुळे त्यांनी जे दिसतं तेच काढलं होतं, जेवणाचं टेबल, आणि समोरच्या खुर्चीवर काहीतरी रचलेलं.

"टेबल आहे," ते म्हणाले. "पाय जमले नाहीत. एक आखूड झाला."

"हं. आणि खुर्चीवर?"

"पुस्तकं."

"त्यांच्याबद्दल सांगाल?"

"काय सांगायचं? ती बसतात समोर. मी जेवतो." विमावाले फिस्कन हसले. भाऊसाहेब मात्र कागदाकडेच बघत होते. "आधी माणूस बसायचं त्या खुर्चीवर. आमटीत... म्हणजे जेवणात काय कमी आहे ते मी सांगायचो, आणि माझ्यात काय कमी आहे ते समोरून ऐकू यायचं. आता पुस्तकं बसतात. ती काही बोलत नाहीत. शहाणी आहेत."

वहिनींनी हातातला कागद खाली ठेवला. घरी असतं तर एव्हाना "म्हणजे मी काय घर सोडलंय का?" असं झालं असतं आणि त्यापाठोपाठ खूप काही. इथे त्यांनी विचारलं, "ती पुस्तकं उचलावीत असं वाटतं?"

"नाही!" भाऊसाहेब दचकून म्हणाले. "ती उचलायची नाहीत. परीक्षा होईस्तोवर तिथेच राहू देत. मी करीन गोष्टी त्यांच्याशी. फक्त... अगं, तुला ठाऊकाय ना, मला एकट्याला जेवण जात नाही!"

ते 'अगं' हॉलभर घुमलं.

मार्गदर्शक बाई उठल्या. "तुम्ही यांचे कोण?"

आजीच मदतीला धावल्या. "नवरा आहे हो तिचा! चांगलाय. जरा जास्त बोलतो, एवढंच."

"नातेवाईक गटात चालत नाहीत," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि म्हणूनच भाऊसाहेब गार पडले. "नियम आहे. तो का आहे ते यांना माहीत आहे." आणि त्या वहिनींकडे बघत उभ्या राहिल्या.

सज्जनहो, मोठमोठ्या तराजूंना न घाबरलेला माणूस त्या क्षणी आपल्या बायकोच्या तोंडाकडे लहान पोरासारखा पाहत होता. आता ती काय म्हणेल? 'यांनीच घोळ घातला' म्हणेल? म्हटलं तर खोटं काय होतं त्यात?

वहिनी जवळ आल्या. खाली वाकल्या, म्हणजे बोलणं भाऊसाहेबांना एकट्यालाच ऐकू जाईल इतक्या. "तुम्ही सांगितलंत ते मी ऐकलं. चित्र इथे माझ्याजवळ राहील, कुणी हात लावणार नाही. पण आता तुम्हाला बाहेर थांबावं लागेल."

त्या आवाजात बायको नव्हती आणि परकी बाईही नव्हती. भाऊसाहेब उठले. सदरा सारखा केला, गटाला नमस्कार केला, आणि मानानं निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यासारखे दारापर्यंत गेले. दार नेमकं आत उघडणारं होतं, ते त्यांनी बराच वेळ बाहेर ढकललं. पण ते सोडून देऊ.

बाहेर सेक्रेटरी पाहुण्यांच्या स्कूटर हटवायला गेले होते. बाकावर एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ बसले होते, इस्त्रीचा शर्ट, हातात फुलांचा छोटासा गुच्छ. मागच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करणारे. भाऊसाहेब त्यांच्या शेजारी बसले.

"कोण गेलं?" घड्याळवाल्यांनी हळूच विचारलं.

"मीच," भाऊसाहेब म्हणाले. "आत्ताच बाहेर काढलं."

घड्याळवाले हसले नाहीत. "होतं असं," म्हणाले.

"तुम्हाला दारात सांगितलं नाही का? कुणी गेलेलं नाही."

"सांगितलं. पण आलोच आहे तर बसतो थोडा." त्यांनी गुच्छ या हातातून त्या हातात घेतला. "फलकावर नाव नव्हतं ना. म्हटलं, ज्याचं नावसुद्धा कुणी लिहिलं नाही, त्याच्यासाठी एकानं तरी यायला हवं."

आठवडाभर भाऊसाहेबांनी दुःखी माणूस शोधला होता. निवडक शोधला होता. आणि देवानं तो फुलं देऊन, इस्त्री करून, थेट बाकावर आणून बसवला होता, आणि याला आणणारी ती कोण, तर ती मूर्खासारखी सूचना! त्याची लीला त्यालाच ठाऊक.

"आत एक खुर्ची रिकामी आहे," ते म्हणाले. "बसाल?"

"बोलावं लागेल?"

"नाही बोललात तरी चालतं. रंगखडू देतात."

"शोकसभेत?"

"नवी पद्धत आहे."

घड्याळवाल्यांनी विचार केला. "आमच्यातलं कुणी नाही ना तिथे? ओळखीचं?"

"मुळीच नाही. तोच तर नियम आहे!" भाऊसाहेबांनी दार, या वेळी बरोबर दिशेला, उघडलं, म्हाताऱ्यांना आत सोडलं, आणि मार्गदर्शक बाईंकडे बघत ठणकावून म्हणाले, "सहावे. हे माझे कुणीही लागत नाहीत!" आणि स्वतः बाहेर राहून दार लावून घेतलं.

दार लावलं तरी वरच्या झडपेतून ऐकू येत होतं, आणि ऐकू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. आधी घड्याळवाल्यांचा आवाज आला, "ही फुलं कुठे ठेवू?" मग वहिनींचा, "तुम्हाला कुठे ठेवावीशी वाटतात?" बाहेर भाऊसाहेबांनी देवाला दोनतीन गोष्टी कबूल केल्या. त्यानंतर आजी.

"मला हे झाड नको. माझ्या घरात नाही बाई झाड. खिडकी आहे. सून ती बंद करते, मी उघडते. मला खिडकीच काढू दे."

"पण आजी, आपण ठरवलं होतं..." हे मास्तर.

"तुम्ही ठरवलं होतंत!"

आणि बांध फुटला. कागद फाटल्याचा आवाज आला, एकामागून एक. डॉक्टर म्हणाले, मी माझ्या दवाखान्यातली खुर्ची काढतो आणि तिच्यात मी. विमावाले म्हणाले, हसाल, पण मला जिन्याच्या पायऱ्या काढायच्यात, सगळी दारं मी तिथूनच बघतो. नवी सून काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण ती सासू सोबत नसताना पुष्कळ बोलत होती, आणि मध्येच एकदा सगळे इतके मोठ्यानं हसले की सेक्रेटरी धावत आले.

"भाऊसाहेब, शोकसभेत इतकं हसत नाहीत! दुसऱ्या मजल्याची तक्रार येईल!"

"शू!" भाऊसाहेब म्हणाले. आत मास्तर बोलत होते, पण शिकवतानाच्या आवाजात नव्हे.

"एक पान काढतो," मास्तर म्हणाले. "वर्गातल्या बाकाला फुटलेलं. चालेल का तसं?"

"काढा," वहिनी म्हणाल्या.

"खोडू नका हं कुणी."

सेक्रेटरी हळूच बाकावर टेकले. नियमांचं पुस्तक त्यांनी मांडीखाली घेतलं.

सभा संपून माणसं बाहेर पडली ती दारातच घुटमळत राहिली, कुणालाच घरी जायचं नव्हतं. घड्याळवाले फुलं आत ठेवून आले होते आणि आजी त्यांना खिडकीचा कोपरा कसा निळा आला ते समजावत होत्या. मार्गदर्शक बाई सर्वांत शेवटी आल्या. भाऊसाहेब उभे राहिले.

"मॅडम, सगळी चूक माझी. तिला काही..."

"झाडं बघून मी निघालेच होते," बाई म्हणाल्या. "मग त्यांनी तुम्हाला बाहेर काढलं. घरच्या माणसाला दार दाखवायचं, तेही त्याला न दुखावता. आमच्यातल्या मुरलेल्यांनाही ते जमत नाही."

"दुखावलो की," भाऊसाहेब म्हणाले.

"दिसत होतं. पण गेलात." बाई पहिल्यांदाच हसल्या. "त्या पास आहेत. आणि तुमच्या त्या सूचनेबद्दल मी काही विचारत नाही."

हॉल झाडून, खुर्च्या लावून, किल्ली देऊन नवराबायको जिना चढू लागले. वहिनी थकल्या होत्या. त्यांनी एका हातात खडूंचा डबा धरला होता आणि दुसरा हात, बऱ्याच दिवसांनी, भाऊसाहेबांच्या दंडावर ठेवला होता. एका वळणावर भाऊसाहेब थांबले.

"आता तर झालं ना सगळं? आता तरी सांग, माझं चित्र कसं होतं?"

"ते मी कसं सांगणार? मी नातेवाईक आहे."

"अगं, गटात नसताना!"

वहिनी पुढे झाल्या. दोन पायऱ्या चढल्या. मग मागे वळून म्हणाल्या, "त्या आखूड पायापायी सगळं टेबल भिंतीवर सांडल्यासारखं दिसतंय. आणि पुस्तकं अशी रचतात होय कुणी?"

"वाईट आलंय ना?" भाऊसाहेब म्हणाले, आणि इतक्या आनंदानं म्हणाले, की काय झालं ते बघायला विमावाल्यांनी दार उघडलं.